गोलोकातील शाप आणि गोदाकाठची राही : ‘राधाकृष्ण’ मालिकेच्या प्रारंभाची चिकित्सा

प्रास्ताविक

२५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका सुरू झाली. पुराणकथा घराघरांत पोहोचविण्याचे जे कार्य कीर्तनकार, पुराणिक, गोंधळी आणि वासुदेव शतकानुशतके करीत आले होते, त्यात त्या दिवसापासून एका नव्या माध्यमाची भर पडली. २ ऑक्टोबर १९८८ पासून बी. आर. चोप्रा यांची ‘महाभारत’ आणि १९९३ मध्ये सागर यांचीच ‘श्रीकृष्ण’ या मालिका त्यामागोमाग आल्या. याच प्रवाहातील ‘राधाकृष्ण’ ही हिंदी मालिका १ ऑक्टोबर २०१८ रोजी स्टार भारत या वाहिनीवर सुरू झाली. सिद्धार्थ कुमार तिवारी यांच्या स्वस्तिक प्रॉडक्शन्सची ही निर्मिती जानेवारी २०२३ पर्यंत चालली आणि तिचे हजाराहून अधिक भाग प्रक्षेपित झाले. कृष्णाची भूमिका पुण्याच्या सुमेध मुदगलकर या मराठी अभिनेत्याने, तर राधेची भूमिका मल्लिका सिंग यांनी केली. मालिका हिंदी असली तरी मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतही ती आवडीने पाहिली गेली.

पदवीच्या वर्गात संत एकनाथांच्या गौळणी शिकविताना राधेविषयी प्रश्न विचारला, तर ‘राधेला शाप होता’ असे उत्तर आता हमखास मिळते. उत्तर निराधार नाही. त्याला पुराणाचा आधार आहे. परंतु जी गौळण विद्यार्थ्यांच्या समोर उघडी असते, तिच्यात शापाला कोठेही जागा नसते. समोरच्या कवितेआधी ऐकलेली कथा कवितेवर सावली धरते, असा हा अनुभव आहे. म्हणूनच या मालिकेच्या प्रारंभाचा विचार केवळ मनोरंजनाचा भाग म्हणून सोडून देता येत नाही.

प्रस्तुत लेखात संपूर्ण मालिकेचे मूल्यमापन अभिप्रेत नाही. तिचा प्रारंभ, म्हणजे गोलोकातील शापाचा प्रसंग, एवढेच विवेचनाचे क्षेत्र आहे. दैवी प्रेमाची कथा कोठून सुरू केली जाते, आणि त्या प्रारंभामुळे विरहाची जबाबदारी कोणाकडे जाते, हा येथील मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना मालिकेच्या प्रारंभाशेजारी आपल्या प्रदेशातील काही जुने प्रारंभ ठेवून पाहावयाचे आहेत.

मालिकेचा प्रारंभ : प्रेम विरुद्ध भक्ती

मालिकेची कथा गोकुळात किंवा बरसान्यात सुरू होत नाही. ती गोलोकात, म्हणजे राधा आणि कृष्ण यांच्या नित्य निवासस्थानी सुरू होते. संगणकीय दृश्यनिर्मितीच्या साहाय्याने उभारलेले हे स्थान पृथ्वीवरील कोणत्याही गावासारखे नाही. तेथे कृष्णाचा निस्सीम भक्त श्रीदामा आहे. प्रेम हा केवळ भ्रम असून भक्ती हेच एकमेव सत्य आहे, अशी त्याची धारणा आहे. राधेचे स्थान त्याला मान्य होत नाही आणि तो राधेला शाप देतो. तिला पृथ्वीवर जन्म घ्यावा लागेल, कृष्णाचे विस्मरण होईल आणि शंभर वर्षांचा वियोग भोगावा लागेल, असे त्या शापाचे स्वरूप आहे. पुढील दीर्घ कथानकाला, राधेच्या जन्माला, तिच्या विस्मृतीला आणि हळूहळू होणाऱ्या ओळखीला या एकाच प्रसंगातून गती मिळते.

नाट्यरचनेच्या दृष्टीने ही निवड कुशल आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. हजारो मिनिटांच्या कथेला एक ठाम प्रश्न आरंभीच मिळतो : विसरलेले प्रेम पुन्हा आठवेल काय? प्रेक्षकाला जे ठाऊक आहे ते नायिकेला ठाऊक नाही, या तफावतीतून प्रत्येक भागाला उत्सुकता लाभते. शिवाय शापाला वैचारिक वादाचे रूप दिल्यामुळे ‘प्रेम म्हणजे काय’ हा विषय मालिकेच्या हाती येतो. कृष्ण प्रेक्षकांना उद्देशून जे निरूपण करतो, त्याची पूर्वतयारी येथेच होते. याच निर्मितिसंस्थेच्या २०१३ सालच्या ‘महाभारत’ मालिकेतही कृष्णाच्या तोंडी अशी निरूपणे होती. त्या अर्थाने मालिकेतील कृष्ण हा प्रियकरही आहे आणि आपल्या प्रेमकथेचा भाष्यकारही आहे.

मात्र हीच गोष्ट अडचणीची ठरते. विरहाचे कारण बाहेरून, तिसऱ्या व्यक्तीच्या तोंडून येते. राधेच्या हातून काही घडलेले नाही. कृष्णाच्या हातूनही काही घडलेले नाही. दोघेही निर्दोष आहेत आणि दोघांमध्ये काही बोलायचे उरलेले नाही. जे घडले ते श्रीदाम्याच्या अज्ञानामुळे. प्रेमकथा सुरू होण्यापूर्वीच प्रियकराला प्रत्येक आरोपातून मुक्त केले जाते.

पुराणातील शापकथा

गोलोक आणि श्रीदाम्याचा शाप या कल्पना मालिकेने स्वतः रचलेल्या नाहीत. त्यांचा मुख्य आधार ब्रह्मवैवर्त पुराणात आहे. तेथील कथा मात्र वेगळ्या कारणाने घडते. कृष्ण विरजा नावाच्या गोपीच्या सहवासात असल्याचे राधेला कळते. ती संतापून तेथे येते. द्वारावर श्रीदामा तिला अडवितो. कृष्ण अंतर्धान पावतो आणि विरजा नदीरूप होते. त्यानंतर राधा कृष्णाची कठोर शब्दांत निर्भर्त्सना करते. ती सहन न होऊन श्रीदामा राधेला उलट बोलतो. राधा त्याला असुरयोनीत जाण्याचा शाप देते आणि तो तिला मनुष्यजन्माचा व वियोगाचा प्रतिशाप देतो. हाच श्रीदामा पुढे शंखचूड नावाचा असुर होतो.

या दोन प्रारंभांतील अंतर लहान नाही. पुराणातील कलहाच्या मुळाशी कृष्णाचे वर्तन आहे. प्रथम क्रोध येतो तो राधेला, आणि त्या क्रोधाला कारण आहे. ती स्वतः शाप देण्याइतकी समर्थ आहे. मालिकेत क्रोधाचे केंद्र राधेकडून श्रीदाम्याकडे सरकते आणि क्रोधाचे कारण एका स्त्रीच्या दुखावलेपणातून उचलून एका भक्ताच्या तात्त्विक आक्षेपात ठेवले जाते. जो कलह प्रेमाच्या आतला होता, तो प्रेमाबाहेरचा होतो. पुराण मालिकेपेक्षा अधिक सनातनी असावे अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. येथे मात्र राधेला रागावण्याचा अधिकार देण्यात पुराण मालिकेच्या पुढे आहे.

जयदेवाचे बाराव्या शतकातील ‘गीतगोविंद’ याच दिशेने पाहता येते. त्या काव्याच्या आरंभी कोणताही शाप नाही. आकाश मेघांनी भरून आले आहे, वनभूमी अंधारली आहे, रात्र आहे आणि हा मुलगा भित्रा आहे, तेव्हा राधे, तूच याला घरी ने, असे नंद सांगतो. एवढ्या साध्या कामगिरीतून ते प्रेम सुरू होते. पुढे कृष्ण इतर गोपींत रमतो, राधा मान धरते आणि अखेरीस कृष्णाला तिची मनधरणी करावी लागते. राधेचा पाय आपल्या मस्तकी ठेवण्याची विनवणी कृष्णाच्या तोंडी घालताना जयदेवाची लेखणी अडखळली, अशी आख्यायिका आहे. ज्या परंपरेला हा संकोच वाटला, त्याच परंपरेने ती विनवणी काव्यात राहू दिली, हे लक्षणीय आहे.

शापाचे वाङ्मयीन कार्य

शाप ही भारतीय आख्यानपरंपरेतील जुनी युक्ती आहे. तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे कालिदासाचे ‘अभिज्ञानशाकुंतल’. महाभारतातील शकुंतलाख्यानात दुर्वासाचा शाप नाही. दुष्यंत भर सभेत शकुंतलेला जाणूनबुजून नाकारतो. कालिदासाने शाप आणि मुद्रिका यांची योजना करून नायकाला या दोषातून सोडविले, हे संस्कृतच्या प्रत्येक अध्यापकाला ठाऊक आहे. ‘राधाकृष्ण’ मालिकेतील शापही हेच काम करतो, असे म्हणता येईल. मग कालिदासाला जे मान्य, ते मालिकेला का नाकारावे, असा आक्षेप येथे संभवतो.

या आक्षेपाचे उत्तर दोन मुद्द्यांत देता येते. पहिला मुद्दा असा की, शाकुंतलातील शापाचे निमित्त प्रेमाच्या आतच आहे. शकुंतला दुष्यंताच्या चिंतनात इतकी हरवली आहे की दारी आलेल्या अतिथीची हाक तिला ऐकू येत नाही. दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. शाकुंतलात विसरतो तो पुरुष, आणि स्मृती परत आल्यानंतरचा पश्चात्तापही त्यालाच भोगावा लागतो. सहावा अंक हा दुष्यंताच्या पश्चात्तापाचाच अंक आहे. कालिदासाने दोष सौम्य केला, पण वेदना माफ केली नाही. मालिकेत विस्मरणाचे ओझे स्त्रीवर येते. विसरलेली राधा आहे आणि सर्व काही आठवणारा, सर्व काही जाणणारा कृष्ण आहे. परिणामी राधेला शिकायचे आहे आणि कृष्णाला शिकवायचे आहे, असे नाते आरंभीच ठरून जाते. प्रियकर-प्रेयसीच्या नात्यावर गुरु-शिष्याच्या नात्याची छाया पडते.

गोदाकाठची राही

राधेचे नाव श्रीमद्भागवतात येत नाही. दशम स्कंधातील रासप्रसंगात कृष्ण जिला घेऊन दूर जातो अशी एक गोपी आहे. परंतु तिचे नाव सांगितलेले नाही. राधेच्या प्राचीन वाङ्मयीन उल्लेखांपैकी एक मात्र आपल्याच प्रदेशात सापडतो. पैठणच्या हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’ या महाराष्ट्री प्राकृतातील संग्रहात राधेची एक गाथा आहे. या संग्रहात पुढील काळातही भर पडत गेली, त्यामुळे प्रत्येक गाथेचा काळ निश्चित सांगता येत नाही. तरीही राधेचे नाव घेणाऱ्या अगदी जुन्या रचनांत या गाथेची गणना होते. स. आ. जोगळेकर यांनी १९५६ मध्ये या संग्रहाची विस्तृत मराठी आवृत्ती सिद्ध केल्यामुळे ती मराठी अभ्यासकांना सहज उपलब्ध आहे.

दोन ओळींच्या त्या गाथेचा आशय असा : राधेच्या मुखावर गाईंच्या खुरांनी उडालेली धूळ बसली आहे, कृष्ण ती फुंकर घालून दूर करतो आहे, आणि तसे करताना तो इतर गोपींचा गौरवही हरण करतो आहे. प्राकृतात ‘गोरज’ आणि ‘गौरव’ हे दोन्ही शब्द एकाच उच्चाराचे होतात. एकीची धूळ निघते त्याच फुंकरीने दुसऱ्यांचा मान उडून जातो, अशी ही श्लेषाची किमया आहे. गाथा कृष्णाला उद्देशून आहे. तिच्यातील स्वर ज्यांचा मान गेला त्यांच्याकडे झुकलेला आहे. जणू त्यांच्यापैकीच कोणी कृष्णाला समोरासमोर सांगते आहे की, तू काय करतोस ते आम्ही पाहिले.

राधा येथे प्रथम दिसते ती संध्याकाळी, गुरे घरी येताना, धुळीने माखलेल्या चेहऱ्याची. गोलोक नाही, शाप नाही, स्पष्टीकरण नाही. एक फुंकर आहे आणि तिला पाहणारी दुसरी स्त्री आहे. राधेची कथा दुसऱ्या स्त्रीच्या नजरेतून सांगणे आणि जाब कृष्णाला विचारणे, ही दोन वैशिष्ट्ये या गाथेत बीजरूपाने आढळतात. पुढील मराठी परंपरेत ती दोन्ही वाढीस लागलेली दिसतात.

या गाथेत राधेचे प्राकृत नाव ‘राहिआ’ असे आहे. पंढरपूरला विठ्ठलमंदिराच्या परिसरात रुक्मिणीप्रमाणेच सत्यभामा आणि राही यांचीही स्थाने आहेत. ही राही म्हणजे राधिका. घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या विठ्ठलाच्या आरतीत रखुमाबाईच्या नावाआधी राहीचे नाव येते, परंतु म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती राधा आहे याची जाणीव नसते. पैठणच्या प्राकृतातील नाव पंढरपूरच्या आरतीत आजतागायत टिकून आहे. ज्या विद्यार्थ्याला राधा मालिकेतून प्रथम भेटली असे वाटते, त्याने तिचे नाव लहानपणापासून रोज घेतलेले असते.

रुसलेली रुक्मिणी आणि रिता डेरा

मराठी संतपरंपरा आणि महानुभाव परंपरा या दोहोंच्या केंद्रस्थानी राधेपेक्षा रुक्मिणी आहे. महदंबेचे ‘धवळे’ रुक्मिणीविवाहाचे आहेत, नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ तिचेच आहे आणि एकनाथांनीही १५७१ मध्ये ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण केले. मराठी मनाने दैवी प्रेमाची कथा विवाहापासून आणि संसारापासून सांगितली. राधा त्या संसारात येते ती कलहाचे निमित्त होऊन.

पंढरपूरची प्रसिद्ध आख्यायिका अशी की, द्वारकेत राधा कृष्णाच्या मांडीवर बसलेली पाहून रुक्मिणी रुसली आणि दिंडीरवनात निघून आली. तिची समजूत काढण्यासाठी कृष्ण तिच्या मागोमाग आला आणि पुढे पुंडलिकाच्या विटेवर उभा राहिला. रुक्मिणीचे मंदिर विठ्ठलाच्या शेजारी नसून मागील बाजूस वेगळे का, याचे उत्तर लोकपरंपरा या रुसव्यातूनच देते. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाच्या मूळ स्वरूपाची जी मीमांसा केली आहे, ती ऐतिहासिक अंगाने फार वेगळ्या दिशेला जाते. परंतु आख्यायिकेचे वाङ्मयीन मोल त्यामुळे कमी होत नाही. महाराष्ट्राच्या सर्वांत मोठ्या तीर्थक्षेत्राचा प्रारंभ, लोकांच्या मते, एका पत्नीच्या रुसव्यात आणि देवाच्या मनधरणीत आहे. देव येथे चुकलेला आहे, आणि चूक मान्य करून तो घर सोडून तिच्यामागे आला आहे.

जात्यावरच्या ओव्यांत हाच संसार विस्ताराने येतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी संकलित केलेल्या ओव्यांच्या प्रचंड भांडारात विठ्ठल-रुक्मिणीच्या घरगुती ओव्यांचे दालन मोठे आहे. गोदाकाठच्या गंगाखेडची जनी विठ्ठलाबरोबर दळण दळते आणि रुक्मिणीला ते खटकते, हा विषय बायकांनी आवडीने गायिला. दळणारी स्त्री कधी जनीच्या बाजूने, कधी रुक्मिणीच्या बाजूने बोलते; विठ्ठलाच्या बाजूने बोलण्याची तिला फारशी गरज वाटत नाही.

राधेविषयीची कोवळीक मराठीत येते ती गौळणीत. एकनाथांच्या नावे असलेल्या एका प्रसिद्ध गौळणीत राधा आणि हरी यांची एकमेकांना पाहून होणारी गडबड वर्णिली आहे. राधेकडे पाहता पाहता हरी गाईऐवजी बैलाचे दूध काढू लागतो आणि हरीकडे पाहता पाहता राधा रिकामा डेरा घुसळीत बसते. विस्मरण येथेही आहे. परंतु ते दोघांनाही झाले आहे, ते क्षणाचे आहे आणि प्रेमाच्या भरात झाले आहे. शापाने आलेले विस्मरण प्रेम हिरावून घेते, तर रित्या डेऱ्यातील विस्मरण प्रेमाची खूण सांगते. वर्गात या गौळणीचे मर्म सांगताना हा भेद सांगणे आता आवश्यक झाले आहे.

येथेच श्रीदाम्याच्या मूळ आक्षेपाचाही विचार करता येतो. प्रेम आणि भक्ती यांच्यातील ताण मराठी वाङ्मयाला अपरिचित नाही. भास्करभट्ट बोरीकरांच्या ‘शिशुपालवध’ या काव्यातील शृंगाराचा विस्तार पाहून, ग्रंथ चांगला झाला असला तरी तो निवृत्तांच्या उपयोगाचा नाही, असा अभिप्राय पंथातूनच मिळाल्याची हकिगत सांगितली जाते. म्हणजे श्रीदाम्याचा प्रश्न महानुभावांनी फार पूर्वी विचारला होता. वारकरी संतांनी त्याचे उत्तर वाद घालून दिले नाही. ज्ञानदेवांच्या विरहिण्या आणि तुकोबांच्या विराण्या यांत भक्तच विरहिणी होतो, त्यामुळे प्रेम आणि भक्ती यांना समोरासमोर उभे करण्याचे कारणच उरत नाही. मालिकेने शंभर वर्षांचा वियोग ज्या वादावर उभा केला, तो वाद वारकऱ्याच्या शब्दकोशात बसत नाही.

गण, गौळण आणि सीमेपलीकडची सत्यभामा

प्रारंभाचा विचार करताना तमाशाकडे दुर्लक्ष करता येणार नाही. तमाशाचा आरंभ गणाने होतो आणि लगेच गौळण येते. म्हणजे मराठी लोकनाट्याचा प्रत्येक खेळ कृष्ण आणि गवळणी यांच्या भेटीनेच उघडतो. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवितात, दान मागतात, आणि मावशी त्यांना सडेतोड उत्तर देते. मावशीची भूमिका पुरुष करतो आणि तिच्या तोंडी गावातील चालू घडामोडीही येतात. देवाला अडवून हिशेब विचारण्याची मोकळीक या रचनेतच आहे. किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’ (१८८२) या संगीत नाटकातही कृष्णावर रुक्मिणीची समजूत घालण्याची वेळ येते. मराठी रंगभूमीने हा वारसा नागर रूपातही जपला.

बिलोलीच्या परिसरातून सीमेपलीकडे नजर टाकली तर आणखी एक प्रारंभ दिसतो. कंदकुर्ती येथे मांजरा गोदावरीला मिळते आणि नदीबरोबर भाषाही बदलते. तेलुगू परंपरेत कृष्णप्रेमाची नायिका राधेपेक्षा सत्यभामा अधिक आहे. सिद्धेंद्र योगींच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘भामाकलापम्’ या कुचिपुडी नाट्यात सत्यभामेचा प्रवेश हाच मोठा सोहळा असतो. पडद्याआडून प्रथम तिची लांब वेणी दिसते, आणि मग ती स्वतःच आपला परिचय करून देते. तिचा अभिमान, तिचा रुसवा आणि तिची विरहवेदना या तिन्ही गोष्टी तिच्या स्वतःच्या तोंडून येतात. मालिकेतील राधेची ओळख एका शापवाणीने करून दिली जाते. भामा आपली ओळख आपणच सांगते. दोन्ही कथा दैवी प्रेमाच्याच आहेत, परंतु बोलण्याचा पहिला अधिकार कोणाला, यात त्या भिन्न आहेत.

जागरणातील म्हाळसा-बाणाई

हा विचार केवळ ग्रंथांपुरता नाही, याचे प्रत्यंतर नांदेड जिल्ह्यातच मिळते. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्या-मुरळींच्या गाण्यांतून म्हाळसा आणि बाणाई यांची कथा ऐकू येते. म्हाळसा नेवाशाच्या वाण्याची लेक आणि बाणाई चंदनपुरीच्या धनगराची. सारीपाटात म्हाळसेकडून हरलेला खंडोबा घर सोडतो आणि बाणाईच्या घरी मेंढरे राखण्याची चाकरी करतो. जेजुरीच्या गडावर म्हाळसा देवाजवळ आहे आणि बाणाईचे स्थान गड चढताना वाटेत आहे. दोघींची भांडणे गाण्यांत एकमेकींच्या जातीपातीसह, खाण्यापिण्यासह येतात. एका गावातील दोन समाजांचे अंतर आणि त्यांची जवळीक ही गाणी एकाच वेळी सांगतात.

झी मराठी वाहिनीवर मे २०१४ ते एप्रिल २०१७ या काळात चाललेल्या ‘जय मल्हार’ या मालिकेने हीच कथा घराघरांत नेली. तिच्यामुळे खंडोबाविषयीचे कुतूहल वाढले आणि बानू हे नाव शहरी घरांतही परिचित झाले, हे श्रेय तिला द्यावे लागेल. या मालिकेची तपशीलवार चिकित्सा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे इतकेच नोंदवावयाचे की, खंडोबाच्या कथेत देवाला मेंढरे राखावी लागतात. प्रेमाची किंमत देव स्वतः, अंगमेहनतीने चुकवितो. ज्या श्रोत्याला ही कथा ठाऊक आहे, त्याला गोलोकातील निष्कलंक प्रारंभ भव्य वाटेल, पण आपला वाटणार नाही.

मालिकेचे मोल आणि मर्यादा

वरील तुलनेवरून मालिका त्याज्य ठरते असा अर्थ काढू नये. राधेला केंद्रस्थानी ठेवून इतके दीर्घ कथानक रचणे ही हिंदी दूरचित्रवाणीच्या संदर्भात महत्त्वाची घटना आहे. शीर्षकातही तिचे नाव आधी आहे. विवाहाच्या चौकटीत न बसणाऱ्या प्रेमाला पवित्र मानण्याची भूमिका ही मालिका दीर्घ काळ, कुटुंबासमवेत पाहणाऱ्या प्रेक्षकांसमोर मांडत राहिली. आपल्या समाजात प्रेमविवाहाकडे आजही संशयाने पाहिले जाते, हे लक्षात घेता या भूमिकेचे मोल नाकारता येत नाही.

परंतु याच ठिकाणी तिची मर्यादाही आहे. प्रेम पवित्र ठरविण्यासाठी मालिकेला ते पृथ्वीवरून उचलून गोलोकात न्यावे लागते आणि त्यातील मत्सर, रुसवा, चूक, माफी यांना गाळावे लागते. म्हणजे प्रेम मान्य होते ते माणसांचे नसेल तरच. गोदाकाठची परंपरा याच्या उलट मार्गाने गेली. तिने देवाला धुळीत आणले, बैलाखाली दूध काढायला बसविले, रुसलेल्या बायकोमागे धावायला लावले, मेंढरे राखायला धाडले आणि तरीही त्याचे देवपण कमी झाले असे मानले नाही.

निष्कर्ष

१. ‘राधाकृष्ण’ मालिकेने ब्रह्मवैवर्त पुराणातील शापकथा स्वीकारली, परंतु शापाचे कारण बदलले. राधेच्या सकारण क्रोधाची जागा श्रीदाम्याच्या तात्त्विक आक्षेपाने घेतली.

२. या बदलामुळे कृष्ण विरहाच्या जबाबदारीतून मुक्त होतो आणि विस्मरणाचे ओझे राधेवर येते. शाकुंतलातील शापयोजनेशी तुलना केली असता हा फरक स्पष्ट होतो.

३. गाथासप्तशतीपासून जात्यावरच्या ओव्यांपर्यंतच्या प्रादेशिक परंपरेत राधेची कथा बहुधा दुसऱ्या स्त्रीच्या नजरेतून येते आणि देवाला जाब विचारला जातो.

४. प्रेम आणि भक्ती यांचा जो विरोध मालिकेचा पाया आहे, तो वारकरी परंपरेत विरहिणी-विराणीच्या रूपाने मिटलेला आहे.

५. गौळण, ओवी आणि आख्यानकाव्य शिकविताना विद्यार्थ्यांच्या मनातील मालिकेची कथा चूक म्हणून पुसून टाकण्यापेक्षा, ती अनेक प्रारंभांपैकी एक आहे हे दाखवून देणे अध्यापनदृष्ट्या अधिक उपयुक्त ठरेल.

‘राधेला शाप होता’ असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याला घरच्या आरतीतील राही कोण, एवढे विचारावे. त्या एका प्रश्नातून तो पैठणच्या गाथेपर्यंत आणि आजीच्या ओवीपर्यंत पोहोचू शकतो. आजी आहे तोपर्यंत ती ओवी ऐकून उतरवून घेणे, हे काम आपल्या महाविद्यालयांतील मराठी विभागांनी विलंब न लावता हाती घेतले पाहिजे.